एव्हबरी : दगडी वर्तुळात वसलेले गाव आणि त्याचे शिवार

ओढ्याकाठी

इंग्लंडमधील प्राचीन दगडी वर्तुळांचा विषय निघाला की स्टोनहेंजचे नाव घेतले जाते आणि बोलणे बहुधा तिथेच संपते. स्टोनहेंजच्या उत्तरेला पंचवीस-तीस किलोमीटरवर, त्याच विल्टशायर परगण्यात, एव्हबरी नावाचे खेडे आहे आणि त्या खेड्याला जगातील सर्वांत मोठ्या दगडी वर्तुळाने वेढलेले आहे. मधोमध रस्त्यांचा चौक, चौकात पब, आजूबाजूला घरे आणि सभोवार माणसापेक्षा उंच दगड, असा हा प्रकार आहे. नोकरीच्या निमित्ताने मी स्विंडनला राहते आणि हे गाव जवळ असल्याने तिथे वरचेवर जाणे होते. मराठीत या गावाविषयी सलग लिहिलेले फारसे वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

सर्वांत बाहेर खडूच्या मातीचा बांध, त्याच्या आत खंदक आणि खंदकाच्या आतल्या कडेने दगडांची रांग, अशी ही रचना आहे. इसवी सनपूर्व २८५० ते २२०० या काळात ती टप्प्याटप्प्याने उभी राहिली. खंदक बांधाच्या आतल्या बाजूला असल्यामुळे हा किल्ला नसावा, असे मानले जाते. शत्रूला अडवायचे असते तर खंदक बाहेरून खणला गेला असता. आज तो बराचसा बुजलेला असूनही काठावरून खाली पाहताना त्याची खोली जाणवते. मुळात तो सुमारे ९ मीटर खोल होता आणि धातूची अवजारे हाती नसलेल्या लोकांनी हरणांच्या शिंगांच्या कुदळींनी तो पांढऱ्या खडकात खणला होता. आतील क्षेत्र सुमारे २८ एकर भरते. बाहेरच्या वर्तुळात शंभरच्या आसपास दगड होते आणि त्याच्या पोटात आणखी दोन लहान वर्तुळे होती. हे दगड सार्सन नावाच्या अतिशय कठीण वालुकाश्माचे आहेत. स्टोनहेंजच्या दगडांप्रमाणे ते तासून चौकोनी केलेले नाहीत, जमिनीवर जसे सापडले तसेच आणून उभे केले आहेत. त्यांच्याभोवती दोरी नाही, वर्तुळात जायला तिकीट नाही, दगडांना हात लावता येतो आणि बहुतेक वेळा तिथे मेंढ्या चरत असतात.

गाव या वर्तुळात पूर्णपणे मावलेले नाही. सेंट जेम्सचे चर्च, ज्याचा जुना भाग सॅक्सन काळातील आहे, ते बांधाच्या पश्चिमेला बाहेर आहे. जुना वाडा, सोळाव्या शतकातील कबुतरखाना आणि सतराव्या शतकातील गवती छपराचे भले मोठे धान्यकोठारही त्याच बाजूला आहे. ख्रिस्ती वस्तीने आधी मूर्तिपूजकांच्या वर्तुळाबाहेर राहणे पसंत केले आणि पुढे जागेची गरज व भीतीची सवय झाल्यावर ती हळूहळू आत सरकली, असे काही अभ्यासक सुचवतात. मला हा तर्क आकर्षक वाटतो, पण त्यावर फार भार टाकू नये, कारण जवळ पाणी कुठे आहे यावरूनही गावाची जागा ठरते.

दगडांचे पुढे जे झाले, तो या गावाच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण भाग आहे. चौदाव्या शतकात गावकऱ्यांनी अनेक दगड आडवे पाडून खड्ड्यांत पुरले. हे धर्माच्या दबावाखाली केले की शेत मोकळे करण्यासाठी, याविषयी मतभेद आहेत. १९३८ मध्ये असा एक पुरलेला दगड उचलला, तेव्हा खाली एका पुरुषाचा सांगाडा निघाला. त्याच्याजवळ कात्री, एक शलाका आणि चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील चांदीची नाणी होती. कात्री व शलाकेवरून त्याला न्हावी-वैद्य ठरवण्यात आले आणि दगड पाडताना तो त्याखाली चिरडला गेला, ही कथा रूढ झाली. लंडनमध्ये ठेवलेला तो सांगाडा दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला असे सर्वांनी गृहीत धरले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो एका संग्रहालयात सुखरूप सापडला आणि नव्याने केलेल्या तपासणीत चिरडल्याच्या खुणा दिसल्या नाहीत. आधीच मेलेल्या माणसाला तिथे पुरले असण्याची शक्यता आता अधिक मानली जाते. गावातले मार्गदर्शक मात्र अजून जुनीच कथा रंगवून सांगतात.

खरी धूळधाण सतराव्या-अठराव्या शतकांत झाली. दगडाखाली खड्डा करून त्यात गवत पेटवायचे, दगड तापला की ठरलेल्या रेषेवर गार पाणी ओतायचे आणि घणाचे घाव घालायचे, अशी पद्धत होती. निघालेल्या चिऱ्यांतून घरे, कुंपणे आणि वर्तुळातच असलेले एक प्रार्थनागृह बांधले गेले. त्यामुळे एव्हबरीत फिरताना पुष्कळदा आपण घराची भिंत म्हणून जे पाहतो, तो त्या वर्तुळाचाच तुकडा असतो.

जॉन ऑब्रे हा जुन्या वास्तूंचा अभ्यासक १६४९ मध्ये शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि हे काय आहे ते त्याने ओळखले. चर्च आणि कॅथीड्रल यांत जेवढे अंतर, तेवढे स्टोनहेंज आणि एव्हबरी यांत आहे, असे त्याने लिहून ठेवले. १६६३ मध्ये त्याने राजा दुसरा चार्ल्स यालाही हे स्थळ दाखवले. त्यानंतर विल्यम स्टुकली हा दुसरा अभ्यासक १७१९ पासून काही वर्षे सतत येत राहिला आणि दगड डोळ्यांदेखत फुटत असताना त्यांच्या जागा कागदावर उतरवत राहिला.

विसाव्या शतकात अलेक्झांडर कीलर हा डंडीच्या मार्मलेड कारखानदारांच्या घराण्यातला धनिक इथे आला. त्याने वाडा आणि आसपासची जमीन घेतली, १९३४ ते १९३९ या काळात उत्खनन केले, पुरलेले दगड वर काढून उभे केले आणि जिथे दगड नाहीसा झाला होता तिथे काँक्रीटचे खुंट रोवले. हे करताना वर्तुळातील घरे, गोठे आणि इतर बांधकामे त्याने विकत घेऊन पाडली. १९४३ मध्ये त्याने ही मालमत्ता शेतजमिनीच्या भावाने, १२,००० पौंडांना नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला विकली आणि ट्रस्टनेही आधी पाडापाडीचेच धोरण चालू ठेवले. गावकऱ्यांपैकी अनेकांना पश्चिमेच्या एव्हबरी ट्रस्लो या वाडीत सरकारी घरांत हलवण्यात आले. आज जे 'प्राचीन' दृश्य आपण पाहतो, ते बऱ्याच अंशी १९३० च्या दशकात घडवलेले आहे.

याविषयी आणि भोवतालच्या स्थळांविषयी सभासदांनी लिहावे. मी एकटीने सारे लिहिले तर धागा कंटाळवाणा होईल.

पायवाट

उत्तम धागा. एव्हबरी हे एकटे गाव नव्हे, हा मुद्दा मला ठळक करावासा वाटतो. वर्तुळाच्या दक्षिण दारातून उभ्या दगडांच्या दोन समांतर रांगांची एक वाट निघते आणि सुमारे अडीच किलोमीटर चालून ओव्हरटन टेकडीवर पोहोचते. तिला वेस्ट केनेट अ‍ॅव्हेन्यू म्हणतात. टेकडीवर 'सँक्च्युअरी' नावाची जागा आहे, जिथे लाकडी खांबांची आणि दगडांची एकात एक वर्तुळे होती. ती १७२४ च्या सुमारास शेतीसाठी उखडली गेली आणि पुढे तिची जागाही लोक विसरले. १९३० मध्ये मॉड कनिंग्टन यांनी स्टुकलीच्या टिपणांच्या आधारे ती पुन्हा शोधली. आता तिथे फक्त काँक्रीटचे ठोकळे दिसतात, त्यामुळे नवखा माणूस निराश होतो. पण रिजवे ही १३९ किलोमीटरची पायवाट त्याच ठिकाणाहून सुरू होते आणि चालणाऱ्यांना ती टेकडी त्यामुळे प्रिय आहे.

रिजवेने थोडे उत्तरेला जाऊन उजवीकडे वळल्यास फायफील्ड डाउन लागते. एव्हबरीचे दगड मुळात जसे पडलेले असतील, ते तिथे पाहावे. गवतात शेकडो करडे दगड विखुरलेले आहेत आणि लांबून ते बसलेल्या मेंढ्यांसारखे भासतात. जवळच ओव्हरटन डाउनवर एका दगडात दगडी कुऱ्हाडी घासून धार लावल्याच्या गुळगुळीत खाचा आहेत. त्या खाचांवरून बोट फिरवताना मला वर्तुळापेक्षाही जास्त काही कळल्यासारखे वाटते, हे वैयक्तिक मत आहे.

त्याच माळावर १९६० मध्ये संशोधकांनी मुद्दाम एक बांध आणि खंदक बनवला. त्यात कापड, चामडे, लाकूड अशा वस्तू पुरल्या आणि २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ वर्षांनी तो कापून पाहायचा असे ठरवले. मातीचा बांध कसा ढासळतो आणि खंदक किती वेगाने भरतो, हे मोजल्याशिवाय प्राचीन खंदकांचे वाचन करता येत नाही, म्हणून हा खटाटोप. पहिल्या काही वर्षांतच खंदक झपाट्याने भरतो आणि मग वेग मंदावतो, असे त्यातून दिसले. ज्यांनी हा प्रयोग आखला त्यांच्यापैकी शेवटचा काप पाहायला कोणीच नसणार, हे ठाऊक असून त्यांनी तो आखला, याचे मला विशेष वाटते.

शंकासुर

लेखन माहितीपूर्ण आहे, पण स्टुकलीवर एवढा विश्वास ठेवावा का? हा गृहस्थ पुढे पाद्री झाला आणि एव्हबरीवरच्या १७४३ च्या ग्रंथात त्याने या साऱ्या रचनेचा एक प्रचंड सर्प कल्पून तो ड्रुइडांच्या, म्हणजे प्राचीन केल्ट लोकांच्या पुरोहितांच्या, माथी मारला. ड्रुइडांचा उल्लेख ज्या काळात येतो, त्याच्या दोन हजार वर्षे आधी हे दगड उभे होते. अशा माणसाने काढलेले नकाशे पुरावा म्हणून कसे स्वीकारायचे? आपल्याकडे एखाद्याने हेमाडपंती देवळाला पांडवांनी एका रात्रीत बांधले असे लिहिले, तर त्याच्या मोजमापांवर आपण विसंबू का?

ओढ्याकाठी

शंकासुर, आपली शंका रास्त आहे आणि पुरातत्त्वज्ञांनाही ती दीर्घकाळ होती. स्टुकलीने पश्चिमेकडेही बेकहॅम्प्टन गावाच्या दिशेने दगडांची दुसरी वाट जात असल्याचे लिहिले होते. त्यातील दोनच दगड आज उभे आहेत, त्यांना गावकरी 'अ‍ॅडम' आणि 'ईव्ह' म्हणतात. बाकी काहीच दिसत नसल्याने, सर्पाला शेपूट हवे म्हणून त्याने ही वाट कल्पिली, असे अनेकांना वाटे. १९९९ मध्ये त्या शेतात उत्खनन झाले तेव्हा पुरलेले दगड, दगड उभे करण्याचे खड्डे आणि जाळून फोडल्याच्या खुणा ओळीने मिळाल्या. म्हणजे त्याचा अर्थ चुकला होता, नोंद बरोबर होती. मोजणारा स्टुकली आणि अर्थ लावणारा स्टुकली यांना वेगवेगळे वाचावे, असे मला वाटते. पांडवांची कथा सांगणाऱ्या माणसानेही देवळाचे खांब नीट मोजलेले असू शकतात.

बेकहॅम्प्टन आता शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांसाठी अधिक ओळखले जाते. सकाळी लवकर गेल्यास माळावर घोडे दौडताना दिसतात.

खापरतुकडा

या विषयाशी नागपूरकरांचा जवळचा संबंध आहे, म्हणून लिहितो. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे दगडी वर्तुळांचा मोठा समूह आहे. वर्तुळांची संख्या तीनशेच्या आसपास सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे खोदकाम केले आणि दगडांवरील वाटीसारख्या खळग्यांची तुलना युरोपातील दगडांवरील खळग्यांशी केली. त्या काळच्या अनेक साहेबांना दोन्हीकडचे दगड पाहून एकाच लोकांनी ते उभारले असावेत असा मोह पडत असे. आज तो टिकत नाही. जुनापाणी, माहूरझरी, नैकुंड येथील वर्तुळे लोहयुगातील, म्हणजे एव्हबरीनंतर दीड-दोन हजार वर्षांनी झालेली आहेत आणि ती मुख्यतः दफनस्थळे आहेत. त्यांच्या पोटात लोखंडी अवजारे, घोड्यांचे साज, मणी आणि मडकी मिळतात. एव्हबरीच्या मोठ्या वर्तुळात तसे काही नाही. त्यामुळे दोन्हीकडची वर्तुळे वरून सारखी दिसली, तरी एकाचा अर्थ दुसऱ्याला लावता येत नाही.

एव्हबरी परिसरात दफन पाहायचे असेल तर वेस्ट केनेट येथील लांब थडग्याकडे जावे लागते. सुमारे १०० मीटर लांबीचा हा मातीचा उंचवटा आहे आणि त्याच्या पूर्व टोकाला दगडी दालने आहेत. ते इसवी सनपूर्व ३६५० च्या सुमाराचे, म्हणजे दगडी वर्तुळाच्याही कित्येक शतके आधीचे आहे. १९५५-५६ मध्ये स्टुअर्ट पिगट आणि रिचर्ड अ‍ॅटकिन्सन या पुरातत्त्वज्ञांनी ते खोदले. आधीचे आणि हे खोदकाम मिळून चाळीसच्या आसपास माणसांची हाडे मिळाली. अनेक शतके तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे मृत ठेवले गेले असे पूर्वी मानत. नव्या कार्बन कालमापनाने हे चित्र पालटले : बहुतेक मृतदेह जेमतेम एका पिढीच्या अवधीत ठेवले गेले होते. त्यानंतर दालने दीर्घकाळ माती, खापऱ्या आणि हाडांनी भरली जात राहिली आणि शेवटी दारापुढे प्रचंड दगड लावून ती बंद केली गेली. म्हणजे ज्या जागेत दफन थोडा काळ झाले, तिची आठवण हजारभर वर्षे जपली गेली. शेजारच्या ईस्ट केनेटमध्ये याहून लांब थडगे आहे. त्यावर झाडे वाढली आहेत आणि त्याचे उत्खनन अद्याप झालेले नाही.

सिल्बरी हिलविषयी कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. एव्हबरीपासून दीड किलोमीटरवर, मोठ्या रस्त्याला लागून, माणसांनी रचलेली ही टेकडी तीस मीटरांहून उंच आहे, तिच्यात सुमारे ५ लाख टन माती आणि खडू आहे आणि ती इसवी सनपूर्व २४०० च्या सुमारास उभी राहिली. युरोपातील ही सर्वांत मोठी प्रागैतिहासिक मानवनिर्मित टेकडी होय. आत राजा पुरलेला असणार या आशेने १७७६ मध्ये माथ्यावरून थेट तळापर्यंत विहिरीसारखा खड्डा खणला, त्यासाठी कॉर्नवॉलचे खाणकामगार आणले होते. १८४९ मध्ये बाजूने बोगदा काढला. १९६८ ते १९७० या काळात अ‍ॅटकिन्सन यांनी पुन्हा बोगदा काढला आणि बीबीसीने त्याचे चित्रण दाखवले. राजा मिळाला नाही, सोनेही मिळाले नाही. मिळाले ते गवत, शेवाळ आणि किडे, आणि पुरातत्त्वाच्या दृष्टीने तेच मोलाचे होते, कारण टेकडी रचायला सुरुवात झाली तेव्हा जमिनीवर काय उगवत होते हे त्यातून कळले. तिन्ही वेळा खोदकाम नीट भरले गेले नव्हते. मे २००० मध्ये माथ्यावरील जुना खड्डा खचला आणि मोठे विवर पडले. अखेर २००७-०८ मध्ये आतील पोकळ्या खडूने भरून टेकडी सावरण्यात आली. तेव्हापासून नव्हे, त्याच्या आधीपासूनच तिच्यावर चढायला मनाई आहे, तरी लोक चढतात.

ही टेकडी कशासाठी रचली, याचे उत्तर सिद्ध झालेले नाही. ती टप्प्याटप्प्याने, बहुधा शंभरेक वर्षांच्या आत वाढत गेली, एवढे आता बऱ्यापैकी ठरले आहे. मला वाटते, तयार टेकडीपेक्षा ती रचण्याचे सामूहिक काम हाच तिचा हेतू असावा. मार्लबरो गावातील शाळेच्या आवारातही अशीच एक लहान टेकडी आहे. नॉर्मन काळातील किल्ल्यासाठी ती बनवली असावी असे पूर्वी मानत, पण २०११ मध्ये केलेल्या कालमापनात ती सिल्बरीच्याच काळातली निघाली.

दप्तरी

मूळ लेखात गावकऱ्यांना ट्रस्लोत हलवले, ही बाब दोन वाक्यांत आटोपली आहे. माझ्या मते धाग्याचा गाभा तोच आहे. माझे आजोळ उजनी धरणात गेले. तिथे निदान पाण्याची गरज पुढे केली गेली होती. इथे चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची आठवण जपण्यासाठी जिवंत माणसांची घरे पाडली. हंपीच्या बाजारपेठेतून २०११ मध्ये राहत्या लोकांना काढले, तेव्हाही हेच कारण दिले गेले होते. एका धनिकाला गाव नको होते, म्हणून गाव गेले, असे सरळ म्हणावे.

ओढ्याकाठी

दप्तरी, टीका मान्य करण्याजोगी आहे, पण थोडी भर घालते. कीलर येण्याआधी वर्तुळाला दुसऱ्या बाजूने धोका होता. १८७० च्या दशकाच्या आरंभी वर्तुळातली जमीन घरांसाठी तुकडे पाडून विकली जात होती. तेव्हा जॉन लबक या खासदाराने ती विकत घेतली आणि ज्यांनी तुकडे घेतले होते त्यांना बाहेर दुसऱ्या जागा स्वीकारायला राजी केले. हाच लबक १८८२ च्या प्राचीन स्मारक कायद्यामागे होता आणि पुढे त्याने उमराव म्हणून एव्हबरी हेच नाव घेतले. इंग्लंडमधील बँकांच्या सार्वजनिक सुट्ट्याही त्याच्याच १८७१ च्या कायद्याने आल्या, हे जाता जाता. कीलरनेही १९२४ मध्ये शेजारची विंडमिल हिल घेतली, ती तिथे मार्कोनी कंपनीचा बिनतारी मनोरा उभा राहू नये म्हणून. त्या टेकडीवर दगडी वर्तुळाच्या हजारभर वर्षे आधीचे खंदकांचे आवार आहे, जिथे आसपासचे लोक जनावरांसह जमून मोठ्या जेवणावळी घालत असावेत. तो मनोरा उभा राहिला असता, तर हे सारे गेले असते. म्हणजे धनिकाच्या एकाच हट्टाने एकीकडे वाचवले आणि दुसरीकडे उद्ध्वस्त केले.

माझा आक्षेप वेगळा आहे. फोडलेल्या सार्सनच्या चिऱ्यांनी बांधलेले घर पाडताना आपण इतिहासाचा एक थर खरवडून दुसरा थर दाखवतो. दगड पुरणारे, फोडणारे आणि त्यांची भिंत बांधणारे लोकही एव्हबरीचेच होते. पुढे नॅशनल ट्रस्टने उरलेले गाव राहू देण्याचे ठरवले, हे मला त्यामुळे योग्य वाटते.

शंकासुर

इथे मात्र मी कीलरच्या बाजूने आहे. त्याने दगड उभे केले नसते, तर आज ते शेतात पुरलेलेच राहिले असते आणि आपण हा धागा वाचत नसतो. भिंती जगभर सर्वत्र आहेत. असे वर्तुळ दुसरे नाही.

दप्तरी

घर गेलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवून पाहावे.

वातकुक्कुट

वाद चालू राहू द्यावा. मी पश्चिमेकडची थोडी माहिती जोडतो. बेकहॅम्प्टनहून कॅल्नकडे जाताना डावीकडे चेरहिलचा पांढरा घोडा दिसतो. तो पुष्कळांना प्राचीन वाटतो, परंतु कॅल्नच्या क्रिस्टोफर अल्सप नावाच्या डॉक्टरने तो १७८० मध्ये कोरून घेतला. तो स्वतः लांब उभा राहून कर्ण्यातून मजुरांना सूचना देत होता, असे सांगतात. डोळा चमकावा म्हणून त्यात काचेच्या बाटल्या उपड्या पुरल्या होत्या. घोड्याच्या वर, जुन्या टेकडी-किल्ल्याच्या कडेला, १८४५ मध्ये उभारलेला लॅन्सडाउन मनोरा आहे. या लॅन्सडाउन घराण्याची बोवुड ही गढी कॅल्नजवळच आहे. त्यांच्यातील पाचवे मार्क्वेस १८८८ ते १८९४ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. गढवालमधील लॅन्सडाउन हे गाव त्यांच्याच नावाचे. बोवुडमध्येच जोसेफ प्रीस्टली याने १ ऑगस्ट १७७४ रोजी ऑक्सिजन वेगळा करून पाहिला.

कॅल्न शहर दीर्घकाळ डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या कारखान्यावर जगले. १९८० च्या दशकात तो बंद पडला आणि पाडलाही गेला. उत्तरेचे येट्सबरी हे खेडे दुसऱ्या महायुद्धात वायुदलाच्या रडारशिक्षणाचे केंद्र होते आणि विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क तिथे होते. विंटरबोर्न मंक्टन आणि विंटरबोर्न बॅसेट ही गावे त्याच बाजूला ओढ्याकाठी आहेत. तो ओढा हिवाळ्यात वाहतो आणि उन्हाळ्यात आटतो.

खापरतुकडा

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. स्टोनहेंजचे मोठे सार्सन कुठून आणले, याचा उलगडा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक पृथक्करणातून झाला. तपासलेल्या ५२ दगडांपैकी ५० दगडांची रासायनिक घडण सारखी निघाली आणि ती मार्लबरोच्या नैर्ऋत्येकडील वेस्ट वुड्स या जंगलातील दगडांशी जुळली. हे जंगल लॉकरिजच्या दक्षिणेला, एव्हबरीपासून काही किलोमीटरवर आहे. स्टोनहेंजकरांनी आपले दगड एव्हबरीच्या अंगणातून नेले, असे आता म्हणता येते. युनेस्कोने १९८६ मध्ये दोन्ही स्थळे एकाच नोंदीत जागतिक वारसा म्हणून घेतली, ते यामुळे अधिकच समर्पक ठरते.

माहेरवाशीण

ओढ्याकाठी ताई, धागा घरात सगळ्यांना वाचून दाखवला. माझे आईबाबा ऑगस्टमध्ये रेडिंगला आमच्याकडे येत आहेत. आईच्या गुडघ्यांचे दुखणे आहे आणि बाबांना एका दिवसात सगळे पाहायचे आहे. काय पाहावे आणि काय सोडावे, हे कृपया सांगावे.

ओढ्याकाठी

माहेरवाशीण, गाडी असेल तर गावाच्या दक्षिणेला नॅशनल ट्रस्टचा गाडीतळ आहे, तिथून गाव काही मिनिटांच्या चालीवर आहे. आईंसाठी वर्तुळाचा नैर्ऋत्य भाग उत्तम. तिथले दगड बहुतेक कीलरने उभे केलेले आहेत, चालायला सपाट गवत आहे आणि त्या न्हावी-वैद्याचा दगडही तिथेच आहे. बांधावर चढू नये, पायवाट निसरडी असते आणि उतार तीव्र आहे. त्यानंतर कोठार आणि तबेल्यातील संग्रहालय पाहून त्यांना रेड लायनमध्ये बसवावे; दगडी वर्तुळाच्या आत असलेला जगातील एकमेव पब म्हणून तो मिरवतो. तेवढ्या वेळात बाबांना घेऊन अ‍ॅव्हेन्यूवरून निम्मे अंतर चालून यावे.

सिल्बरी गाडीतूनही चांगली दिसते, रस्त्यालगत तिच्यासाठी थांबण्याची जागा आहे. वेस्ट केनेटच्या थडग्याकडे मात्र रस्त्यापासून शेतातून चढणीची वाट आहे, ती आईंनी टाळावी. बाबा जाणार असतील तर विजेरी द्यावी, कारण आतली दालने अंधारी आहेत. जाताना केनेट नदीवरचा छोटा पूल लागतो. ऑगस्टमध्ये तिथे पाणी असेलच असे नाही, तेव्हा नदी पाहण्याचा आग्रह धरू नये. २१ जूनच्या सुमारास, वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी, तिथे उन्हाळी अयनदिनाची गर्दी असते, ऑगस्टमध्ये तो त्रास नाही. गाडी नसल्यास रेडिंगहून रेल्वेने स्विंडनला यावे आणि तिथून डिव्हायझेसच्या दिशेने जाणारी बस घ्यावी. ती थेट रेड लायनपाशी थांबते, पण रविवारचे वेळापत्रक निघण्याआधी पाहून घ्यावे.